बर्फाच्या लादीसाठी जळलेला बोर्ड

मित्रांनो, मी एक जुना लाकडी बोर्ड आहे. भिंतीतली वीज लांब वायरीने हवी तिथे नेऊन देणारा, दोन प्लग बसतील असा, एका फ्यूजचा. माझा उजवा कोपरा जळून कोळसा झाला आहे. मला बघणारे म्हणतात, जुना झाला, जळणारच. ते ऐकले की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. मी म्हातारपणाने जळलो नाही, मला जाळले. कुणी जाळले, कशासाठी जाळले आणि त्यांचे पुढे काय झाले, ते आज सांगतो. माझ्या मनात अजून राग आहे आणि तो मी लपवणार नाही.

मला एका म्हाताऱ्या वायरमनने बनवले. चाळीस वर्षे त्यांनी लोकांच्या घरांत उजेड नेला होता. त्यांची एकुलती एक मुलगी मोठमोठ्या इमारतींच्या लाद्या धुऊन देण्याचे काम करायची. तिच्या हाताखालच्या बायका तिला ताई म्हणत, म्हणून मीही ताईच म्हणतो. आधी ताई बादली आणि ब्रश घेऊन गुडघ्यांवर बसून लाद्या घासायची. मग तिने पै पै साठवून एक मशीन घेतले. ते हातगाडीसारखे ढकलत न्यायचे, खालचा गोल ब्रश लादी घासायचा आणि मागची पट्टी पाणी ओढून घ्यायची. मशीन बॅटरीवर चालायचे. मशीन मिळाले त्या दिवशी ताई म्हणे त्याच्याकडे बघत जेवायची विसरली होती.

पण मशीन ठेवायचे कुठे? ताईचे घर तिसऱ्या मजल्यावर. म्हणून तिने सामान ठेवण्याच्या इमारतीत एक गाळा भाड्याने घेतला. लांबच लांब बोळ, दोन्ही बाजूंना पत्र्याची शटरे. कुणाच्या गाळ्यात जुनी कपाटे, कुणाच्या गाळ्यात नाटकाचे पडदे, तर एकाच्या गाळ्यात कपड्यांच्या दुकानातले डोके नसलेले पुतळे. बोळात दिवे होते, पण गाळ्यांत विजेचा पत्ता नव्हता. सामानाला कशाला हवी वीज, असे मालकाचे म्हणणे.

त्यामुळे ताई रोज संध्याकाळी मशीनमधून दोन बॅटऱ्या काढायची, ढकलगाडीवर घालून घरी न्यायची आणि एकेक करून तीन जिने चढवायची. एकेक बॅटरी पाण्याने काठोकाठ भरलेल्या हंड्याएवढी जड. सकाळी पुन्हा खाली. वर्षभरात तिची कंबर कामातून गेली.

तेव्हा त्या इमारतीच्या रखवालदाराने तिला सुचवले की बोळातल्या दिव्यावरून एक तार ओढून घ्या, कोण बघतंय? हा रखवालदार गोड बोलायचा. त्याच्या तोंडात साखर आणि कमरेला सगळ्या गाळ्यांच्या किल्ल्या. ताईलाही ते पटले होते. वायरमननी मात्र ठाम नकार दिला.

"दिव्याच्या तारेवर मशीनची बॅटरी भरायची म्हणजे शेळीला नांगराला जुंपायचं," ते म्हणाले. "आज चालेल, उद्या चालेल, परवा सगळ्यांचं सामान जाळेल. मी बोलतो मालकाशी."

ते बोलायला गेले आणि नकार घेऊन परत आले. दुसऱ्यांदा गेले, पुन्हा तेच. मालकाचे तरी काय चुकले? पूर्वी एका भाडेकरूने गाळ्यात शेगडी लावून पडद्यांना आग लावली होती. तिसऱ्या वेळी वायरमन कागदावर चित्र काढून घेऊन गेले. मुख्य पेटीतून वेगळी लाइन, तारेला नळीचे संरक्षण, तिला स्वतंत्र खटका. इमारत संध्याकाळी बंद होताना मुख्य खटका खाली, म्हणजे रात्री गाळ्यात वीज राहणारच नाही. मालकाने चित्र बराच वेळ पाहिले आणि अट घातली की काम तुम्ही स्वतः करायचे, आणि त्या लाइनवर बॅटरीच्या चार्जरशिवाय काहीही लागता कामा नये. वायरमननी शब्द दिला. पुढचे सगळे समजायला तो शब्द लक्षात ठेवा.

काम तीन दिवस चालले. वायरमनचा उजवा हात तेव्हा थरथरायला लागला होता. स्क्रू पिळताना ते डाव्या हाताने उजवे मनगट धरून ठेवायचे. तिसऱ्या दिवशी त्यांनी एका मोडक्या टेबलाच्या खणाचे लाकूड घेतले, त्यावर रंधा मारला, पॉलिश केले आणि मला घडवले. माझ्या मधोमध चिनी मातीचा पांढरा फ्यूज बसवला. त्यात केसासारखी बारीक तार. जास्त वीज खेचली गेली तर आधी ती तार वितळणार, वीज बंद पडणार आणि बाकी सगळे वाचणार. मला ताईच्या हातात देताना ते म्हणाले, "हा उडाला तर त्याच्यावर चिडू नकोस. का उडाला ते शोध."

त्यानंतरची चार वर्षे माझ्या आयुष्यातली सोन्याची. ताईकडे आता बॅटऱ्यांच्या दोन जोड्या होत्या. एक जोडी घेऊन ती सकाळी कामाला जायची, दुसरी दिवसभर माझ्यावर भरत राहायची. संध्याकाळी परत आल्यावर ती ओल्या हाताने मला कधी शिवत नसे. हात पुसून मगच प्लग काढायची, कोरड्या फडक्याने माझी धूळ टिपायची. तिला मोठ्या रुग्णालयाचे काम मिळाले. माझ्या जोरावर रुग्णालयाचे बोळ चकाचक होतात, या विचाराने मी फुगून जायचो. खोटे कशाला बोलू?

मग शेजारच्या गाळ्यात बर्फवाला आला.

तो बर्फाच्या लाद्या आणि पिशव्या विकायचा. त्याने दोन जुनी, घरघरणारी फ्रीजर गाळ्यात आणून ठेवली आणि मालकाला सांगितले की रिकामे पेटारे आहेत. वीज तर त्याला हवी होती. त्याने रखवालदाराला गाठले. बाई सकाळी जाते, संध्याकाळी येते, हे रखवालदाराला पाठ होते. आणि आग लागली, पाणी शिरले तर असावी म्हणून ताईने तिच्या गाळ्याची एक किल्ली विश्वासाने त्याच्याकडे दिलेली होती.

दोघांनी मधल्या पत्र्याला खाली एक भोक पाडले. ताईची पाठ वळली की रखवालदार आत यायचा, तिचा चार्जर माझ्यावरून उपटायचा, आणि भोकातून आलेले फ्रीजरचे दोन काळे प्लग माझ्या छातीत खुपसायचा. संध्याकाळी ताई यायच्या आधी सगळे पूर्ववत. रात्रभर फ्रीजरची झाकणे बंद राहिली की बर्फ तग धरायचा. या सगळ्याच्या बदल्यात रखवालदाराला काय मिळत होते ठाऊक आहे? पाणी गार करायला रोज बर्फाची एक लादी. एका लादीसाठी, मित्रांनो, त्याने माझे काळीज विकले.

मी गप्प बसलो नाही. पहिल्याच दिवशी दोन्ही फ्रीजर एकदम सुरू झाली आणि माझा फ्यूज उडाला. ताईने संध्याकाळी नवी तार घातली. तिसऱ्या दिवशी पुन्हा उडाला. आठवड्यात चार वेळा उडाला. मी दुसरे काय करू शकत होतो? मला तोंड नाही. मी ओरडतो तो असाच.

ताईने माझी हाक ऐकली नाही. ती दमलेली असायची, पहाटे पुन्हा निघायचे असायचे. एका संध्याकाळी ती वैतागून रखवालदाराला म्हणाली, "रोजची कटकट झाली आहे. तुम्हाला येत असेल तर काहीतरी कायमचं करा, पण हा फ्यूज उडायला नको."

कायमचे करायला तो टपूनच बसला होता. त्याने बारीक तार काढून टाकली आणि तिच्या जागी तांब्याची जाड तार पिळून घातली. माझ्या तोंडात बोळा कोंबला म्हणा ना. त्यानंतर फ्रीजर कितीही वीज खेचोत, माझा फ्यूज उडाला नाही. मी फक्त तापत गेलो. दुपारी माझे लाकूड चटका बसेल इतके तापायचे. उजव्या कोपऱ्याला आधी तपकिरी डाग पडला, मग काळा. वायरीवरचे वेष्टण मऊ होऊन वाकले. रोज दुपारी मी एकच गोष्ट घोकत राहिलो, की एक दिवस तुम्हाला दाखवीन.

माझ्यापेक्षा वाईट ताईचे झाले. संध्याकाळी तिला चार्जर जागेवर दिसायचा, त्याचा दिवाही लागलेला असायचा, पण बॅटऱ्या अर्ध्यामुर्ध्याच भरलेल्या. एका सकाळी रुग्णालयाच्या बोळात मशीन मधेच बंद पडले. ब्रशने साबणाचे पाणी पसरले होते आणि ते ओढून घेणारी पट्टी थांबली होती. ताई फडके आणायला धावली, तेवढ्यात औषधांचा ट्रे घेऊन एक परिचारिका तिथून आली आणि घसरली. तिचे मनगट मोडले. त्याच दुपारी ताईचे काम गेले.

गाळ्यावर परत आली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. रखवालदाराने तिला स्टूल दिले, पाणी दिले. गार पाणी. कुठल्या बर्फाने गार केलेले, ते मला ठाऊक होते. मग तो हळहळून म्हणाला की राग मानू नका ताई, पण तुमच्या वडिलांचे वायरिंग कच्चे आहे. हात थरथरतो त्यांचा, मी स्वतः बघितले आहे.

आणि ताईने ते खरे मानले. घरी जाऊन ती वडिलांना म्हणाली की बाबा, तुमचे काम आता पूर्वीसारखे राहिले नाही. हे मला नंतर कळले. वायरमननी आपली हत्यारांची पिशवी माळ्यावर टाकली आणि शेजाऱ्यांच्या घंटीची साधी तार जोडून द्यायलाही जाईनासे झाले. माझ्या कोपऱ्याचा कोळसा झाला त्याचे मला दुःख आहेच. पण ती माळ्यावर गेलेली पिशवी मी रखवालदाराला सात जन्म माफ करणार नाही.

चोर कितीही हुशार असला तरी एक दिवस चुकतोच. काम नसल्यामुळे ताई एके दिवशी भर दुपारी मशीन पुसून ठेवायला आली. शटर वर गेले. जमिनीवर तिचा चार्जर पडला होता. माझ्यात दोन काळे प्लग होते, आणि त्यांच्या वायरी पत्र्याच्या भोकातून शेजारी गेल्या होत्या. तिने माझ्यावर हात ठेवला आणि चटका बसून मागे घेतला. मग फ्यूजकडे वाकून पाहिले. ती वायरमनची मुलगी होती. जाड तार ओळखायला तिला कुणाला विचारावे लागले नाही.

ती उलट्या बादलीवर बसली. पाच मिनिटांनी उठली, सगळे होते तसेच ठेवले, आवाज न करता शटर खाली ओढले आणि गेली.

दुसऱ्या दिवशी, रखवालदार यायच्या आधी, बापलेक दोघे आले. माळ्यावरची पिशवी वायरमनच्या खांद्याला होती. त्यांनी चष्मा सरळ केला आणि माझ्या जळक्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. फार वेळ फिरवत राहिले. मग मला उघडले, जाड तार बाहेर काढली आणि रुमालात बांधून खिशात ठेवली. त्यांचे म्हणणे होते की मालकाला दिलेला शब्द मोडला गेला आहे, आत्ताच त्याच्याकडे जाऊ आणि प्रकरण मिटवू. ताई ऐकायला तयार नव्हती. तिला त्या दोघांना त्यांच्याच पाण्यात बुडवायचे होते.

वायरमन म्हणाले, "सूड घ्यायचा तर नियमात राहून घे. फ्यूजमध्ये जी तार असायला हवी ती घालू. पुढचं काम विजेवर सोड."

त्यांनी बारीक तार घातली, वितळलेली वायर कापून नवी जोडली आणि फ्यूजवर एक झाकण बसवून दोन स्क्रूंनी घट्ट आवळले. मग ताई मालकाकडे गेली आणि संध्याकाळी पाच वाजता गाळा बघायला या, महत्त्वाचे आहे, एवढेच सांगून आली.

त्या दिवशी उन्हाचा तडाखा होता. गावाबाहेर धावण्याची मोठी शर्यत होती आणि बर्फवाल्याने तिथल्या बर्फाची ऑर्डर घेतली होती. दोन्ही फ्रीजर गळ्यापर्यंत भरलेली, इतकी की झाकणेही लागत नव्हती. रखवालदाराने नेहमीप्रमाणे चार्जर उपटला, प्लग खुपसले आणि झाकणाकडे ढुंकूनही न पाहता खुर्चीत जाऊन पेंगू लागला. बर्फवाला गिऱ्हाइकाकडे निघून गेला.

बाराच्या सुमाराला दोन्ही फ्रीजर एकदम धडधडली. माझ्या पोटातली ती बारीक तार लाल झाली, पिवळी झाली आणि तुटली. घरघर थांबली. मित्रांनो, एवढे सुख मला नवेकोरे असतानासुद्धा झाले नव्हते. पत्र्यापलीकडची शांतता मी मिटक्या मारत ऐकली. मग टप्. मग टप् टप्. जुन्या फ्रीजरांच्या तळाला भोके होती. तीनपर्यंत बर्फवाल्याच्या शटरखालून पाण्याची धार निघाली, बोळाच्या उताराने वळली आणि रखवालदाराच्या खोलीत शिरली. त्याच्या खुर्चीखालचे बूट तरंगले तेव्हा कुठे, पाच वाजत आले असताना, त्याला जाग आली.

तो धावत आत आला. माझ्या झाकणाशी झटापट केली, पण स्क्रू काढायला त्याच्याकडे काही नव्हते. किल्लीच्या टोकाने खरवडत राहिला. पाच वाजता बापलेकीबरोबर मालक आला तेव्हा तो तसाच गुडघ्यांवर बसला होता, पाण्यात, माझ्यासमोर. मी त्याला त्या अवस्थेत डोळे भरून पाहिले.

मालकाने काही विचारायच्या आत रखवालदार म्हणाला, "साहेब, या म्हाताऱ्याचं वायरिंगच कच्चं. मी कधीचं सांगतोय."

वायरमननी रुमाल सोडला आणि जाड तार मालकाच्या तळहातावर ठेवली.

"ही माझी नाही," ते म्हणाले. "माझी आत आहे. झाकण उघडून बघा. ती तुटली म्हणून तुमची इमारत उभी आहे."

मालकाने भोकातून गेलेल्या वायरी पाहिल्या, पलीकडची फ्रीजर पाहिली. तेवढ्यात बर्फवाला आला. आपला बर्फ वाहून गेलेला पाहून त्याने रखवालदाराला वाचवायचा प्रयत्नही केला नाही. यानेच सांगितले, बाई दिवसभर नसते, असे तो सगळ्यांदेखत म्हणाला. रखवालदाराच्या कमरेचा किल्ल्यांचा जुडगा मालकाने तिथेच काढून घेतला. फ्रीजर बाहेर ओढताना फरशीवर जो खरखराट झाला तो माझ्या कानात अजून गोड वाजतो.

ताईचे तेवढ्याने भागले नव्हते. तिने मालकाला एकच गोष्ट मागितली. रखवालदाराने तिच्याबरोबर रुग्णालयात यावे आणि झाले ते स्वतःच्या तोंडाने सांगावे. तो गेला. मोडलेल्या मनगटाच्या परिचारिकेसमोर उभे राहून त्याला बर्फाच्या लादीपासून सगळे सांगावे लागले. मी तिथे नव्हतो, ही माझी मोठी हळहळ. पुढचे मला कळले ते ताईने वडिलांना सांगितले तेव्हा.

परिचारिकेने सगळे ऐकून घेतले आणि रखवालदाराला जाऊ दिले. मग ताईला विचारले, "तुझी किल्ली त्याच्याकडे कशी गेली? आणि ती तार त्याने तुला न विचारता घातली का?"

ताई म्हणाली, "मीच सांगितलं होतं त्याला, फ्यूज उडायला नको म्हणून."

मशीन बंद पडले ते तिच्या निष्काळजीपणामुळे नव्हते हे रुग्णालयाला पटले, आणि महिन्याभराने काम परत मिळाले. पण परिचारिकेचे मनगट पूर्वीसारखे वळले नाही. ती ताईशी बोलते, कामापुरते.

आता खरे सांगतो. त्या दिवसापर्यंत मला वाटत होते, माझा राग फक्त त्या दोघांवर आहे. सूड उगवला आणि राग उतरला नाही, तेव्हा कळले की तो ताईवरही होता. मी चार वेळा हाक मारली होती. परक्याने दगा दिला तर माणूस त्याला शत्रू म्हणून मोकळा होतो. आपल्या माणसाने हाक ऐकली नाही, त्याचे काय करायचे? वायरमननी तिला नवा बोर्ड करून दिला. मला गाळ्यातल्या खिळ्याला टांगले. तिथून मी तिच्याकडे रोज बघायचो आणि रोज मनात धुमसायचो.

मागच्या आठवड्यात ताईने कामावर दोन नव्या बायका घेतल्या. पहिल्या दिवशी तिने त्यांना मशीन दाखवले, चार्जर दाखवला. मग मला खिळ्यावरून काढून त्यांच्या हातात दिले. एकीने माझ्या काळ्या कोपऱ्यावर बोट ठेवून विचारले की हे कुणी केले.

मला वाटले, आता रखवालदाराचे नाव निघणार. मी ऐकायला आतुर झालो होतो.

"हे मी केलं," ताई म्हणाली. बाकी काही नाही. मग तिने कोरडे फडके घेतले आणि माझी धूळ टिपली.

रखवालदाराला मी माफ केलेले नाही, करणारही नाही. ताईवरचा राग मात्र त्या दिवशी मिटला.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझे भाऊबंद आहेत. कपाटामागे, पलंगाखाली, कोपऱ्यात. एखाद्याचा फ्यूज सारखा उडत असेल, एखाद्यातून जळका वास येत असेल, एखाद्यावर डाग पडला असेल, तर त्याला हात लावू नका. घरातल्या मोठ्या माणसाला जाऊन सांगा. एकदा सांगून ऐकले नाही तर दहादा सांगा. आम्हाला बोलता येत नाही. तुम्हाला येते.